जळगाव-धुळ्यात परवडणारं हॉटेल आणि धड वाईन : नव्याने शोधणाऱ्यांसाठी

बँकेत, रेल्वेत किंवा कॉलेजात बदली होऊन खान्देशात आलेला माणूस महिना-दोन महिन्यांत एक प्रश्न विचारतोच : घरच्यांना घेऊन निवांत जेवता येईल, सोबत ग्लासभर चांगली वाईन मिळेल आणि बिल बघून घाम फुटणार नाही, असं ठिकाण इथे आहे का?

आहे. पण पुण्या-मुंबईच्या रीतीने शोधायला गेलात तर हाती लागणार नाही. तिकडे माणूस मेन्यूकार्ड उघडतो, वाईनची यादी वाचतो आणि ठरवतो. इकडे कार्डावर डझनभर नावं छापलेली असतात आणि वेटरला विचारलं की एकेक करत "ती नाही साहेब, ती पण संपली" असं ऐकायला मिळतं. ज्या एक-दोन निघतात, त्या गेल्या आखाजीपासून, म्हणजे अक्षय्य तृतीयेपासून, काउंटरमागच्या काचेच्या फळीवर ट्यूबलाइटच्या उजेडात उभ्या असण्याची शक्यता दांडगी. म्हणून इथे क्रम उलटा ठेवायचा. आधी फ्रिज बघायचा, मग खप विचारायचा आणि यादी सगळ्यात शेवटी वाचायची. आठ-दहा वर्षं या भागात असंच शोधत, विचारत मी माझी ठिकाणं ठरवली आहेत. हॉटेलांची नावं मुद्दाम देत नाही. इथे मॅनेजर बदलला की हॉटेल बदलतं, आणि आज चांगलं असलेलं ठिकाण पुढच्या दिवाळीला तसंच असेल याची हमी कोणी देऊ नये. पद्धत मात्र टिकते.

निघण्याआधी जवळ काय हवं

- वयाचा पुरावा : आधार किंवा ड्रायव्हिंग लायसन्स. महाराष्ट्रात बिअर-वाईनसाठी वयाची अट २१ वर्षांची आणि बाकी मद्यासाठी २५ वर्षांची आहे. तरुण दिसत असाल तर विचारतील.
- मद्यसेवन परवाना : एक दिवसाचा, वर्षाचा आणि आजीवन असे प्रकार आहेत. राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून ऑनलाइनही निघतो. फारसं कुणी बघत नाही, पण तपासणी आली तर कागद आपल्या खिशात असलेला बरा.
- मोबाइलमध्ये चार-पाच बाटल्यांच्या लेबलांचे फोटो, छापील एमआरपीसकट. हे कशाला, ते पुढे पायरी ५ मध्ये.
- न पिणारा एक जण, किंवा परतीच्या रिक्षाची सोय.
- थोडे रोख पैसे. यूपीआय सगळीकडे चालतं, पण वादळी पावसात टॉवर गेला की गल्ल्यावर उभं राहावं लागतं.

१. आधी परवाना ओळखा

ज्या हॉटेलात बसून मद्य घेता येतं, त्याच्याकडे एफएल-३ परवाना असतो. तीच आपली परमिट रूम. फक्त बिअर आणि वाईन देणारे बिअर बारही असतात. दुकानाच्या पाटीवर 'वाईन शॉप' लिहिलेलं असलं तरी तो किरकोळ विक्रीचा एफएल-२ परवाना. तिथून बाटली विकत घ्यायची, तिथे बसायचं नाही. बिअर शॉपीतही वाईन मिळते आणि बऱ्याचदा ती जास्त ताजी असते, कारण तिथला फ्रिज दिवसभर चालू असतो.

एक मोठा सापळा शहराबाहेर आहे. महामार्गावर पारोळ्याकडे, मुक्ताईनगरकडे किंवा शिरपूरच्या बाजूला जाताना झगमगीत लायटिंगची ढाबेवजा हॉटेलं दिसतात. बाहेर खाटा, आत एसी, मटण झकास. पण दिसण्यावरून परवाना कळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये महामार्गापासून ५०० मीटरच्या आत मद्यविक्रीला बंदी केली होती. पुढे शहरी हद्दीला त्यातून सूट मिळाली, पण हद्दीबाहेरच्या हॉटेलांचं चित्र तेव्हापासून गोंधळाचंच राहिलं आहे. परवाना नसलेल्या ढाब्यावर "आणा हो साहेब, आम्ही ग्लास देतो" असं कोणी कितीही प्रेमाने म्हटलं तरी बसू नका. महाराष्ट्र दारूबंदी कायद्याच्या कलम ६८ खाली ढाबेवाल्यावर आणि कलम ८४ खाली तिथे बसून पिणाऱ्यावर गुन्हा दाखल होतो. म्हणजे गिऱ्हाईकही सुटत नाही. बायको-मुलांसमोर ही वेळ नको.

परवान्याची प्रत गल्ल्यामागे फ्रेममध्ये लावलेली असते. बघून घ्या, त्यात संकोच कसला.

२. मोबाइलवर शोधताना

नकाशावर 'वाईन' टाकलंत तर सगळी दुकानंच वर येतील. त्याऐवजी 'परमिट रूम', 'रेस्टो बार', 'लाउंज' असं शोधा आणि मग तारे आणि परीक्षणं सोडून थेट फोटोंकडे जा. लोकांनी टाकलेल्या फोटोंत मेन्यूकार्डाची शेवटची पानं असतात, मद्याची यादी तिथेच असते. फोटोची तारीख बघा. दोन वर्षांपूर्वीच्या कार्डावरचे दर आज विचारात घेऊ नका. दुसरं म्हणजे मागचा काउंटर दिसतो का ते बघा. काचेचं दार असलेला उभा फ्रिज आणि त्यात आडव्या किंवा उभ्या वाईनच्या बाटल्या दिसल्या तर ते नाव लिहून ठेवा.

माझा अनुभव असा की जळगावात आणि धुळ्यात स्वतंत्र परमिट रूमपेक्षा मुक्कामाच्या खोल्या असलेल्या मधल्या दर्जाच्या हॉटेलांतली रेस्टॉरंट या कामाला बरी पडतात. जळगावला अजिंठ्याला जाणारे पर्यटक उतरतात, सोन्याच्या आणि केळीच्या व्यापारानिमित्त बाहेरचे लोक येतात. त्यांच्यातले काही वाईन मागतात, म्हणून बाटल्या फिरत्या राहतात. भुसावळला जंक्शनमुळे हॉटेलं भरपूर, पण तिथे घाईची जेवणं जास्त. नंदुरबारला पर्याय कमी आहेत, तिथे पायरी ८ वर भिस्त ठेवा.

३. दुपारी चारच्या सुमाराला फोन करा

संध्याकाळी आठला फोन केलात तर मागे वेटरांचा आरडाओरडा आणि उत्तर एकच : "या हो साहेब, सगळं मिळतं." दुपारचं जेवण आटोपून मॅनेजर टेकलेला असतो तेव्हा विचारा. प्रश्न हेच :

"फॅमिली हॉलमध्ये वाईन सर्व्ह करता का, की फक्त खाली परमिट रूममध्ये?"

हा पहिला प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. इकडच्या बहुतेक हॉटेलांची रचना ठरलेली आहे. तळमजल्यावर अंधारी परमिट रूम, तिथे सगळी पुरुष मंडळी आणि मोठ्याने चाललेली क्रिकेट मॅच, तर वर उजेडाचा फॅमिली हॉल. मद्य फक्त परवान्याच्या नकाशात दाखवलेल्या जागेतच देता येतं. त्यामुळे वरच्या हॉलमध्ये, लॉनवर किंवा गच्चीवर मिळेलच असं नाही. बायकोला, आईला घेऊन गेल्यावर "वर नाही मिळणार, खाली बसा" हे ऐकण्यापेक्षा आधी फोन केलेला बरा.

"आत्ता फ्रिजमध्ये कुठली वाईन आहे? बघून सांगता का?"

'बघून' या शब्दावर जोर द्या. उठून बघणारा मॅनेजर असेल तर हॉटेल निम्मं पास झालं.

"ग्लासवर देता का, की पूर्ण बाटलीच घ्यावी लागेल? ग्लास किती मिलीचा?"

बाटली ७५० मिलीची असते, तिच्यात १५० मिलीचे पाच ग्लास होतात. काही ठिकाणी वाईनही व्हिस्कीच्या मापाने, ६० मिलीच्या पेगने मोजतात आणि दर मात्र ग्लासाचा लावतात. हे फोनवरच स्पष्ट करून घ्या. ३७५ मिलीची अर्धी बाटली असेल तर दोघांसाठी तिच्यासारखं काही नाही.

तारीखही बघून ठेवा. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर हे कोरडे दिवस. निवडणुकीत मतदान संपेपर्यंतचे ४८ तास आणि मतमोजणीचा दिवसही बंद. गटारीच्या आठवड्यात जाऊच नका, टेबल मिळणार नाही आणि मिळालं तर वेटर मिळणार नाही.

४. पोहोचल्यावर : फ्रिज बघा

आता मुख्य गोष्ट. खान्देशात एप्रिल-मेचा पारा ४५ अंशांना टेकतो, भुसावळचं ऊन तर म्हणींत जाऊन बसलं आहे. वाईनला १२ ते १५ अंशांत ठेवलेलं मानवतं. ३० अंशांपुढे काही आठवडे राहिली की तिच्यातला फळांचा वास मरतो, रंग तांबूस-तपकिरी व्हायला लागतो आणि चव उकळून ठेवलेल्या जांभळाच्या सरबतासारखी होते. व्हिस्की-रमला या उन्हाचं फारसं काही होत नाही, म्हणून इथल्या हॉटेलवाल्यांना बाटली फळीवर ठेवायची सवय. वाईनही तिथेच जाऊन बसते. त्यात त्यांचा वाईटपणा नाही, मागणाराच कमी. पण पैसे तुमचे जाणार आहेत.

तेव्हा बसल्यावर मेन्यूकार्ड येण्याआधी उठा, काउंटरपाशी जा आणि हसून म्हणा, "भाऊ, वाईन कुठे ठेवता, बघू का?" नव्वद टक्के वेळा आनंदाने दाखवतात. मग बघायचं काय :

बाटली फ्रिजमधून निघाली की फळीवरून? फळीवरची असेल तर उन्हाळ्यात सरळ नाही म्हणा. हिवाळ्यात, म्हणजे दिवाळीनंतर संक्रांतीपर्यंत, नवीन आलेली असेल तर चालेल.

बुचाजवळ चिकट ओघळ आहे का? बूच किंचित वर आलंय का? उष्णतेने आतला द्रव फुगून बूच ढकलतो, तिथून गळती होते. अशी बाटली कुणी फुकट दिली तरी घेऊ नका. स्क्रू कॅपच्या बाटलीत हे चटकन कळत नाही, तिथे मानेतली पातळी बघा. शेजारच्या बाटलीपेक्षा कमी असेल तर शंका घ्या.

लेबल उडालेलं, पिवळं पडलेलं, वर धूळ? मग ती बाटली किती दिवस तिथे आहे ते तिनेच सांगितलं.

वर्ष. बाटलीवर द्राक्षांच्या तोडणीचं वर्ष असतं. आपल्याकडे द्राक्षांची तोडणी जानेवारी ते मार्चमध्ये होते. नाशिककडच्या व्हाईट आणि रोझे (गुलाबी) वाईन तरुणपणीच प्यायच्या असतात. दोन, फार तर तीन वर्षांपर्यंतची घ्या. "जुनी वाईन चांगली" हे ऐकून कोणी पाच वर्षांची शेनिन ब्लाँ ही व्हाईट कौतुकाने पुढे करेल, तर हात जोडा. काही रिझर्व्ह (निवडक, जास्त मुरवलेल्या) प्रकारच्या रेड टिकतात, पण त्या नीट ठेवलेल्या असतील तरच, आणि इथे तो 'तरच' फार मोठा आहे.

लेबलावर महाराष्ट्रात विक्रीसाठी असल्याचा उल्लेखही पाहा. आपण मध्य प्रदेशाच्या सीमेवर राहतो, पलीकडचा माल इकडे येतो. तो बेकायदा, आणि कुठल्या टेम्पोत किती दिवस तापत आला ते कुणालाच माहीत नसतं.

फ्रिज आहे, पण रात्री बंद करतात का? हे थेट विचारलंत तर उत्तर नाहीच येणार. उन्हाळ्यात लाइट किती वेळ जाते, इन्व्हर्टरवर काय काय चालतं, अशा गप्पा काढा. फ्रिज इन्व्हर्टरवर नसतो हे आपोआप बाहेर येतं.

एवढं सगळं बघायला दोन मिनिटं पुरतात. वेटरसमोर हे करताना साहेबी थाट नको. जिज्ञासू गिऱ्हाईक म्हणून विचारलंत तर पुढच्या वेळी तेच लोक तुमच्यासाठी ताजी बाटली बाजूला ठेवतात.

ग्लासवर घेणार असाल तर आणखी एक प्रश्न : "बाटली कधी फोडली?" फ्रिजमध्ये ठेवलेली उघडी व्हाईट दोन-तीन दिवस धड राहते. बाहेर ठेवलेली रेड आपल्या उन्हाळ्यात एका रात्रीत आंबटते. "आजच" असं उत्तर आलं तर वास घेऊन बघा. सडक्या सफरचंदाचा किंवा व्हिनेगरचा वास आला तर परत करा, त्यात गैर काही नाही. पूर्ण बाटली घेत असाल तर सील टेबलावरच तोडायला सांगा.

५. आता यादी वाचा, आणि दर

खान्देशातली मधल्या दर्जाची यादी लहान असते आणि ते चांगलंच आहे. वीस नावांची यादी आणि महिन्याला दोन बाटल्यांचा खप, यापेक्षा चार नावं आणि आठवड्याला रिकामी होणारी पेटी मला कधीही जास्त आवडेल. यादीवर द्राक्षाच्या जातीचं नाव आहे का, ते बघा : व्हाईटमध्ये शेनिन ब्लाँ, सोव्हिन्यों ब्लाँ; रेडमध्ये शिराज, काबर्ने, झिनफंडेल. नुसतं 'रेड वाईन', 'व्हाईट वाईन' आणि 'पोर्ट' असं लिहिलेलं असेल तर समजा की मालकाने त्यात डोकं घातलेलं नाही. पोर्ट म्हणून मिळणारी गोड वाईन स्वस्त असते, कुणाला आवडते, आवडू दे. पण ती जेवणाबरोबर जड होते.

नाव बहुतेक वेळा नाशिक जिल्ह्यातलंच निघेल. सुला, ग्रोव्हर झांपा, यॉर्क. कधी अकलूजची फ्राटेली, कधी दिंडोरीची शांदोन. हे आपल्या फायद्याचं आहे. नाशिक धुळ्याहून दीडशे-एकशेसाठ किलोमीटरवर आहे, त्यामुळे माल ताजा मिळणं अशक्य नाही. परदेशी बाटली मात्र या भागात मागू नका. फ्रान्सहून मुंबईला, तिथून डेपोत, डेपोतून फळीवर, आणि वर भरमसाट कर. तेवढ्या पैशांत आपली चांगली रिझर्व्ह मिळते.

दराचा माझा हिशेब सरळ आहे. दुकानातल्या एमआरपीच्या दुप्पट किंवा त्याच्या आत असेल तर घ्यावी. अडीचपटीच्या पुढे गेलं तर बिअर प्या किंवा ताक. इथे ते मोबाइलमधले फोटो उपयोगी येतात. हॉटेलने एमआरपीपेक्षा जास्त लावणं बेकायदा नाही, सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये हॉटेल-रेस्टॉरंटांना तशी मुभा असल्याचं सांगितलं आहे. म्हणून वाद घालू नका, नुसतं ठरवा.

६. कशाबरोबर काय

इथे लोक सगळ्यात जास्त गडबडतात. कुठेतरी वाचलेलं असतं, मटणाबरोबर रेड, माशाबरोबर व्हाईट. खान्देशी काळ्या मसाल्यापुढे हा नियम चालत नाही.

रेड वाईनमध्ये द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून आलेला तुरटपणा असतो, त्याला टॅनिन म्हणतात. तिखटाशी त्याची गाठ पडली की तोंडाची आग वाढते. अल्कोहोलही तिखट वाढवतं, म्हणून १४ टक्क्यांची काबर्ने आणि लाल तर्रीची शेवभाजी ही जोडी म्हणजे स्वतःवर सूड. शेवभाजीबरोबर शेनिन ब्लाँ घ्या, किंचित गोडसर आणि चांगली गार. तो थोडा गोडवा तिखटाला धरून ठेवतो. शेव अगदी वाढायच्या वेळी टाकायला सांगा, गाळ झालेल्या शेवेबरोबर काहीच चांगलं लागत नाही.

भरीत असेल तर मजा आहे. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. ते लांबट हिरवं वांगं तुरीच्या किंवा कपाशीच्या काड्यांवर भाजलेलं, हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे. त्याचा धूर आणि हिरवेपणा सोव्हिन्यों ब्लाँबरोबर छान जुळतो. कोरडी रोझेही चालते. अडचण एवढीच की चांगलं भरीत परमिट रूममध्ये क्वचितच मिळतं, ते शेतावरच्या पार्टीत किंवा भरीत सेंटरवर मिळतं, आणि तिथे वाईन नसते. थंडीत एखाद्या हॉटेलात दोन्ही एकत्र सापडलं तर मलाही कळवा.

काळ्या मसाल्यातलं मटण : शिराज. पण मसाला मध्यम सांगा आणि शिराज थोडी गार करून घ्या. रेड वाईन 'खोलीच्या तापमानाला' प्यायची असं म्हणतात, ती खोली युरोपातली, १६ ते १८ अंशांची. आपली खोली मेमध्ये ३८ ला असते. अर्धा तास फ्रिज, मग टेबलावर.

प्रत्यक्षात बहुतेक परमिट रूमचा मेन्यू पंजाबी आणि चायनीजचाच असतो. पनीर टिक्का, चिकन चिली, तंदुरी. या सगळ्याला शेनिन किंवा रोझे चालते, फार विचार नको. वरण-बट्टी आणि खापरावरचे मांडे घरी किंवा लग्नात खा, त्यांना वाईनची गरज नाही.

व्हाईट पुरेशी गार नसेल तर ग्लासात बर्फ टाकू नका, चव पाणचट होते. एक मोठं स्टीलचं भांडं, त्यात बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ मागा, बाटली मानेपर्यंत बुडवा. पंधरा-वीस मिनिटांत गार होते. नुसत्या बर्फात ठेवली तर जास्त वेळ लागतो, कारण बर्फाचे खडे बाटलीला सगळीकडून टेकत नाहीत. वाईनचे ग्लास नसतील तर पाण्याचा साधा पातळ काचेचा ग्लास चालतो, फक्त त्याला फडक्याचा वास येत नाही ना ते बघा.

७. बिल नीट वाचा

बिलात दोन वेगळे कर असतात. जेवणावर जीएसटी, साध्या रेस्टॉरंटमध्ये ५ टक्के. मद्य जीएसटीच्या बाहेर आहे, त्याच्यावर राज्याचा व्हॅट लागतो. परमिट रूममध्ये तो १ नोव्हेंबर २०२३ पासून ५ वरून १० टक्के झाला. वाईनच्या रकमेवर जीएसटी लावलेला दिसला तर चूक आहे, दुरुस्त करायला सांगा. बहुतेक ठिकाणी जेवणाचं आणि मद्याचं बिल वेगळं येतं, ते सोयीचं असतं.

समजा, दुकानात ९०० ची असलेली बाटली कार्डावर १,६०० ला आहे आणि चौघांचं जेवण १,२०० चं झालं. वाईनवर व्हॅट १६०, जेवणावर जीएसटी ६०. एकूण ३,०२०, म्हणजे माणशी साडेसातशेच्या आसपास. हा हिशेब ऑर्डर देतानाच मनात केला की शेवटी चेहरा पडत नाही. काही कार्डांवर दर व्हॅटसकट असतात, तळाची बारीक ओळ वाचा.

सर्व्हिस चार्ज आपोआप लावता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जुलै २०२२ च्या सूचना तशा आहेत आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये त्या उचलून धरल्या. काढायला सांगा, नाहीच ऐकलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. टीप मात्र वेटरच्या हातात द्या. बर्फाचं भांडं त्यानेच आणलेलं असतं.

उरलेली बाटली घरी न्यायची सोय गृहीत धरू नका. परमिट रूमचा परवाना तिथे बसून पिण्याचा असतो. चौघांत एक बाटली पुरते, दोघांत अर्धी. तेवढीच मागवा.

गाडी चालवणाऱ्याने एक ग्लासही नको. रक्तात १०० मिलीमागे ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल निघालं की मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ लागतं. पहिल्याच वेळी दहा हजारांपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. नवापूर-नंदुरबारकडच्यांना वेगळं सांगायला नको, पण नव्याने आलेल्यांसाठी : पलीकडे गुजरात आहे, तिथे दारूबंदी आहे. नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. डिकीत विसरलेली बाटली घेऊन सुरतेकडे निघू नका. सेंधवा-बऱ्हाणपूरकडे जातानाही बाटली घरीच ठेवा, प्रत्येक राज्याचे नियम निराळे.

८. चांगली यादी नसेल तर तयार करवून घ्या

दोन-तीन महिने वरच्या पायऱ्या केल्यात की शहरात दोन ठिकाणं पक्की होतील. तिथे मॅनेजरशी ओळख झालेली असते. मग पुढचं पाऊल. परमिट रूम माल घाऊक विक्रेत्याकडून, म्हणजे एफएल-१ परवानाधारकाकडून घेते. विक्रेत्याच्या यादीत हॉटेलच्या कार्डापेक्षा किती तरी जास्त नावं असतात. मॅनेजर ती मागवत नाही, कारण बाटली पडून राहण्याची भीती. ती भीती तुम्ही घालवू शकता.

सहा-आठ जण जमवा. ऑफिसातले, कॉलनीतले, कुणीही. आठवडाभर आधी सांगा : "अमुक शनिवारी आम्ही आठ जण येतोय, या जातीच्या, या वर्षाच्या दोन बाटल्या मागवून फ्रिजमध्ये ठेवा. अॅडव्हान्स देतो." दर तेव्हाच ठरवा आणि व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. ठरलेल्या गिऱ्हाइकासाठी मागवलेला माल असल्याने बऱ्याचदा दरही सुधारतो. वर्ष सांगायला विसरू नका, नाहीतर गोडाउनातली जुनी पेटी निघेल. घरची बाटली घेऊन येऊ का, असं विचारू नका. परमिट रूमवाले बाहेरची बाटली चालवून घेत नाहीत, आणि परवाना नसलेल्या हॉटेलात तर ते आणखी वाईट.

हे करायला बरा काळ म्हणजे श्रावण संपल्यावर. श्रावणात परमिट रूम ओस पडतात, माल फिरत नाही. पोळा, गणपती झाले की मालक नवीन ऑर्डरी देतात, ऊनही उतरलेलं असतं. फेब्रुवारीपर्यंत मनासारखं मिळतं. मार्चपासून फक्त व्हाईट, रोझे आणि स्पार्कलिंग (बुडबुड्यांची), तेही फ्रिज डोळ्यांनी बघून.

नाशिकला जाणं झालं तर गंगापूर धरणाच्या बाजूला किंवा दिंडोरीकडे वायनरीत चार प्रकार चाखून या, म्हणजे मॅनेजरला नेमकं नाव सांगता येईल. घरासाठी आणलेल्या बाटल्या डिकीत टाकू नका. चांदवड, मालेगाव, धुळे, पारोळा करत जळगावला पोहोचेपर्यंत चार-पाच तास जातात आणि एप्रिलमध्ये डिकीची भट्टी होते. थर्माकोलच्या खोक्यात, ओल्या टॉवेलात गुंडाळून, मागच्या सीटखाली एसीच्या वाऱ्यात ठेवा. पावती मात्र पाकिटात जपून ठेवा.